मुलांचे दात, सुट्टीतला घाट आणि सभागृहातला प्रश्न

प्रश्न असा आला आहे: "आम्ही साताऱ्यातल्या काही शाळांमधले पालक एकत्र आलो आहोत. शाळेत आरोग्य पथक येतं, मुलांच्या कार्डावर 'दात किडलेले' असं लिहून जातं आणि पुढे काहीच होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत महामार्ग, खंबाटकी आणि महाबळेश्वरचा रस्ता यांवरून मुलांना घेऊन जायचं म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. ब्रिटनच्या संसदेत या दोन्ही विषयांवर खासदार सतत प्रश्न विचारतात असं वाचलं. आमच्या आमदारांनी किंवा खासदारांनी हे दोन्ही विषय एका प्रश्नात मांडावेत यासाठी निवेदन कसं लिहावं? आणि त्याचा खरंच उपयोग होतो का?"

ताई, निवेदन लिहू नका. प्रश्नाचा मसुदाच लिहून द्या.

आमदारांच्या कार्यालयात निवेदनांचा ढीग रोज पडतो. पीए त्यावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारतो, निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात जातं, तिथून संबंधित खात्याकडे जातं आणि तुमच्या हातात आवक क्रमांकाचा शिक्का उरतो. मी बरीच वर्षं विधिमंडळ सदस्यांसाठी प्रश्न लिहून देण्याचं काम केलं. अधिवेशनाच्या आधीच्या आठवड्यांत पीएला मतदारसंघातले चांगले प्रश्न हवेच असतात आणि ते लिहायला त्याच्याकडे वेळ नसतो. त्या वेळी तयार, नियमात बसणारा मसुदा समोर आला तर तो बहुतेक वेळा तसाच्या तसा जातो. म्हणून उत्तर लांबलं तरी मसुदा कसा बांधायचा हेच सांगतो.

दोन्ही विषय एका प्रश्नात मात्र बसणार नाहीत. दातांचा विषय आरोग्य खात्याचा आणि रस्त्याचा बांधकाम, गृह, परिवहन किंवा केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याचा. एका प्रश्नाला एकच मंत्री उत्तर देतो. दोन खात्यांचा मजकूर एकत्र केला की विधिमंडळ सचिवालय तो फोडतं किंवा नाकारतं, आणि फोडलेला प्रश्न बहुधा लंगडाच होतो.

कोणाकडे जायचं हे आधी ठरवा. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे. खासदारांनी दातांचा प्रश्न लोकसभेत विचारला तर उत्तराचं पहिलं वाक्य मी आत्ताच सांगतो: 'सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे.' त्याखाली योजनांची माहिती येईल, साताऱ्याचं नाव कुठेही नसेल. दातांसाठी आमदार आणि विधानसभा हाच रस्ता. जिल्ह्यात आठ आमदार आहेत, त्यातला तुमचा तो तुमचा. शिवाय विधान परिषद आहे. गटात शिक्षक असतील तर पुणे शिक्षक मतदारसंघाचे आमदार साताऱ्याचेही आहेत, हे लोक विसरतात. शाळांच्या प्रश्नात त्यांना स्वाभाविक रस असतो.

पुणे–बेंगळुरू महामार्ग, म्हणजे आताचा 48 क्रमांकाचा, केंद्राचा. त्यासाठी खासदार. इथे एक गंमत आहे. जिल्ह्यातल्या आठ मतदारसंघांपैकी फलटण आणि माण हे लोकसभेला माढ्यात जातात. गटातले काही पालक तिकडचे असतील तर दोन खासदारांकडे जाता येतं, आणि ते चांगलंच आहे. लोकसभेत रोज 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न घेतात, त्यांचा क्रम सोडतीने ठरतो आणि एका सदस्याचा एका दिवशी एकच तारांकित प्रश्न यादीत येऊ शकतो. दोघांनी नोटीस दिली की नंबर लागण्याची शक्यता वाढते.

घाटांचं तसं सरळ नाही. पसरणी, केळघर, यवतेश्वर, आंबेनळी, कुंभार्ली यांतला कुठला तुकडा सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि कुठला राष्ट्रीय महामार्गाकडे वर्ग झालेला, हे मसुदा लिहिण्याआधी तपासा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. अलीकडे वर्ग झालेल्या रस्त्यांवर रंग मागे राहतो आणि मालक पुढे जातो, म्हणून बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात तोंडी विचारून घ्या. चुकीच्या मालकाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं.

ब्रिटनचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. तिथे लेखी प्रश्नांवर आपल्यासारखी घट्ट मर्यादा नाही, म्हणून खासदार आपापल्या मतदारसंघाबद्दल बारीकसारीक विचारत राहतात. पण मुख्य फरक दुसरा आहे. इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचं सगळ्यात मोठं कारण दातांची कीड आहे, हे तिथल्या खासदाराला ठाऊक असतं, कारण प्रत्येक दाखल मुलाचं कारण नोंदवून ते दरवर्षी प्रसिद्ध करतात. आपल्याकडे किडलेल्या दाताचं मूल बाह्यरुग्ण विभागात येतं, दात उपटून घेऊन जातं, आणि त्याची नोंद एका रजिस्टरमध्ये राहते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यामुळे आपल्याला प्रश्न विचारताना एक पथ्य पाळावं लागतं: जो आकडा कुठल्या तरी अधिकाऱ्याला आज ठेवावाच लागतो, तोच मागायचा. 'मुलांच्या दंतआरोग्याची स्थिती काय आहे' असं विचारलंत की योजनांची पुस्तिका हातात येते. नोंदवहीतला रकाना विचारलात की आकडा येतो.

आता दात.

शाळेत येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, सगळे त्याला आरबीएसके म्हणतात. हा कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हायला हवी, आणि तपासायच्या तीस आजार-दोषांच्या यादीत दंतविकार आहेत. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. दंतवैद्य नसतो. म्हणजे बॅटरीच्या उजेडात तोंड बघून 'कीड आहे' एवढं सांगणं आणि पुढे पाठवणं एवढंच त्यांचं काम. कार्डावर लिहून पथक निघून गेलं याचा राग पथकावर काढू नका. त्यांचं काम तिथे संपतं. पुढची कडी तुटली आहे का, हे शोधायचं.

आणखी एक गोष्ट आधी पाहून घ्या. हा कार्यक्रम शासकीय आणि अनुदानित शाळांसाठी आहे. गटातल्या काही शाळा विनाअनुदानित असतील तर त्यांचा दाखला या प्रश्नात देऊ नका. नाहीतर 'सदर शाळा या कार्यक्रमांतर्गत समाविष्ट नाही' एवढ्यावर प्रकरण मिटतं.

विधानसभेच्या प्रश्नाचा साचा तुम्ही छापील यादीत पाहिला असेल. 'हे खरे आहे काय; असल्यास…; तदनुसार पुढे कोणती कार्यवाही केली; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' या साच्यात एक सापळा आहे आणि नवखे लोक त्यात हमखास अडकतात. पहिल्या भागात तुम्ही जे विधान करता त्यातला एखादा तपशील जरी चुकला, तारीख, गाव, संख्या, तर खातं लिहितं 'हे खरे नाही.' आणि खालच्या सगळ्या भागांसमोर 'प्रश्न उद्भवत नाही.' चार ओळींत अख्खा प्रश्न झोपतो. 'सातारा जिल्ह्यात मुलांच्या दातांकडे आरोग्य विभागाचे अक्षम्य दुर्लक्ष होत आहे, हे खरे आहे काय' असा प्रश्न मी कधीही लिहिला नसता. त्याला नाही म्हणणं अधिकाऱ्याला फार सोपं जातं. पहिला भाग असा लिहा की 'होय' म्हणण्यावाचून गत्यंतर राहू नये, आणि सगळी धार दुसऱ्या-तिसऱ्या भागात ठेवा. उदाहरणार्थ, तुमच्यासाठी मी असा लिहीन:

"(1) सातारा जिल्ह्यात सन 2023-24 व सन 2024-25 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी करण्यात आली, हे खरे आहे काय;
(2) असल्यास, वर्षनिहाय व तालुकानिहाय किती विद्यार्थ्यांची तपासणी झाली, त्यांपैकी किती विद्यार्थ्यांमध्ये दंतविकार आढळले, किती जणांना पुढील उपचारांसाठी संदर्भित केले व किती जणांवरील उपचार पूर्ण झाले;
(3) उपचार झालेल्यांपैकी किती विद्यार्थ्यांचे दात काढण्यात आले व किती विद्यार्थ्यांचे दात भरून वा अन्य उपचारांनी वाचवण्यात आले;
(4) जिल्ह्यातील जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती, तसेच दंतोपचाराच्या खुर्च्या किती व त्यांपैकी चालू स्थितीत किती आहेत;
(5) संदर्भित विद्यार्थ्यांवरील उपचार प्रलंबित असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

एवढंच. विशेषणं नाहीत, 'संतापाची लाट' नाही.

यातला दुसरा भाग म्हणजे चार आकड्यांची उतरंड आहे: तपासले, सापडले, पाठवले, बरे केले. पहिले तीन पथकाच्या मासिक अहवालात असतात, चौथा रुग्णालयाच्या नोंदवहीत. तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यात मोठी दरी दिसली तर तुमचं म्हणणं खात्यानेच सिद्ध केलं. चौथा आकडा आलाच नाही, तर पाठवलेल्या मुलांचं पुढे काय झालं हे कोणी बघत नाही हे उघड होतं. दोन्हीकडून तुमचाच फायदा.

तिसरा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दात काढायला पाच-दहा मिनिटं पुरतात, भरायला वेळ, साहित्य आणि चालू खुर्ची लागते. गर्दीच्या ओपीडीत मुलाचा दात काढून मोकळं होण्याकडे कल जाणारच, त्यात एकट्या डॉक्टरचा दोष नाही. पण किडलेला दात कुठला आहे यावर बरंच अवलंबून असतं. सहाव्या वर्षाच्या सुमाराला मागे जी दाढ येते ती कायमची असते. पुढचे दुधाचे दात अजून जागेवर असतात, त्यामुळे आई-वडील तिलाही दुधाचीच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. ती गेली की पुन्हा येत नाही. तिच्या खाचा वेळेवर बुजवल्या किंवा फ्लोराइडचा लेप दिला तर कीड बऱ्याच अंशी टळते. हे मला दंतवैद्यांनीच समजावलं, आणि तेव्हापासून मी मसुद्यात 'काढले किती, वाचवले किती' हा भाग घालतो. उत्तर लिहिणाऱ्यालाही त्या निमित्ताने रजिस्टर उघडून बघावं लागतं.

चौथ्या भागात खुर्चीबद्दल का विचारायचं? पद भरलेलं असतं, डॉक्टर हजर असतो, पण कॉम्प्रेसर बंद असतो किंवा साहित्य संपलेलं असतं. कागदावर दंत विभाग चालू, प्रत्यक्षात फक्त औषधं लिहून देणं चालू. 'चालू स्थितीत' हे दोन शब्द गाळू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रांना मात्र यात ओढू नका. ती जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. दोन्ही मिसळली की टोलवाटोलवीला जागा मिळते. प्राथमिक केंद्रावर दंतवैद्य बहुधा नसतोच.

या प्रश्नाचा प्रवास कसा होतो तेही समजून घ्या, म्हणजे उशीर का होतो ते कळेल. विधिमंडळ सचिवालयातून तो मंत्रालयात आरोग्य विभागाच्या डेस्कवर जातो, तिथून आरोग्य सेवा आयुक्तालयाकडे, मग उपसंचालकांकडे. साताऱ्याचा पुणे मंडळात, सांगलीचा कोल्हापूर मंडळात. मग जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. शेवटी ग्रामीण रुग्णालयातला लिपिक दुपारी फोनवर आकडे सांगतो, 'आजच्या आज पाठवा' या तगाद्यावर. मजकूर जितका नेमका, तितका त्या लिपिकाचा आकडा खरा. 'सविस्तर माहिती द्यावी' असं लिहिलंत की तो गेल्या वर्षीचा कागद पुढे ढकलतो.

खासदारांना दातांबद्दल विचारायचंच असेल तर केंद्राच्या खिशाबद्दल विचारायला सांगा. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014-15 पासून आहे. त्यातून राज्यांना दंतवैद्य, सहायक, खुर्ची, साहित्य यांसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानामार्फत मदत मिळते. महाराष्ट्राने किती मागितले, किती मंजूर झाले, किती खर्च झाले, त्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांना काय मिळालं, हे केंद्राला सांगता येतं. मग 'राज्याचा विषय' हे वाक्य उत्तरात आलं तरी त्यापुढे आकडे द्यावे लागतात.

एक तिरकी आठवण. आपल्याकडे, विशेषतः खेड्यांत, मिश्री अजून घराघरांत आहे आणि मुलींच्या हाती ती लहानपणीच येते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, शाळेच्या 100 यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकायला कायद्यानेच मनाई आहे, तरी टपरी कुठे असते ते सगळ्यांना ठाऊक. हा मजकूर दातांच्या प्रश्नात घुसवायचा मोह होईल. घुसवू नका. तो अन्न व औषध प्रशासन आणि गृह खात्याचा वेगळा प्रश्न आहे, वेगळा लिहून द्या.

रस्त्याच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. 'सुट्टीत किती अपघात झाले' असं विचारलंत तर उत्तर येईल: 'अशी माहिती स्वतंत्रपणे संकलित केली जात नाही.' आणि ते खोटं नसेल. केंद्राचा वार्षिक अपघात अहवाल महिन्याप्रमाणे, वेळेप्रमाणे, वाहनाप्रमाणे, रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे आकडे देतो. 2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली हे त्यातूनच कळतं. पण त्यात 'सुट्टी' नावाचा रकाना नाही. म्हणून तुम्ही सुट्टीला तारखा द्या. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, दिवाळीची अमुक ते तमुक, आणि वर्षाचे उरलेले दिवस वेगळे. प्रत्येक अपघाताला तारीख असतेच आणि आता तर पोलीस ती आयरॅड या संगणक प्रणालीत भरतात. त्या प्रणालीच्या पहिल्या टप्प्यातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, म्हणजे माहिती काढता येत नाही ही सबब आता टिकत नाही.

हद्दीची बाबही तितकीच नाजूक आहे. अपघात नोंदवला जातो तो ज्या ठाण्याच्या हद्दीत घडला तिथे. 2018 च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस महाबळेश्वरला सहलीला येताना आंबेनळी घाटात दरीत गेली. अवघा महाराष्ट्र हळहळला. पण ती जागा पोलादपूर तालुक्यातली, म्हणजे रायगड जिल्ह्यातली. 'सातारा जिल्ह्यातील घाटांमध्ये' असं विचारलंत तर तो अपघात तुमच्या उत्तरात येणारच नाही. म्हणून घाटाचं नाव लिहा, दोन्ही टोकांची गावं लिहा, 'जिल्हाहद्दीचा विचार न करता' असं लिहा. तसंच मृत्यूंबद्दल विचारताना 'अपघातानंतर 30 दिवसांच्या आत झालेल्या मृत्यूंसह' असं घाला. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला जखमी झालेला माणूस पुण्याला हलवतात आणि तिथे तो आठवड्याने जातो. तो आपल्या आकड्यात यायला हवा.

खंबाटकीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. पुण्याहून येणारी गाडी घाट चढते, साताऱ्याहून जाणारी बोगद्यातून जाते. लागून सुट्ट्या आल्या की पुण्याकडून येणारी रांग घाटात अडकते, चढावर इंजिनं तापून गाड्या बंद पडतात, मग रुग्णवाहिकेलाही वाट मिळत नाही. बोगद्याच्या बाजूचं दुखणं निराळं: बाहेर पडल्यावर उतारावर जे इंग्रजी एसच्या आकाराचं वळण आहे ते. 2018 च्या एप्रिलमध्ये तिथे मजुरांचा टेम्पो उलटून 18 जण गेले. नव्या दुहेरी बोगद्यांच्या प्रकल्पात ते वळण टाळायचं आहे. पण प्रकल्प होणार म्हणून मधल्या काळात काय केलं, हा प्रश्न राहतोच.

इथे ब्लॅक स्पॉटची व्याख्या उपयोगी पडते. राष्ट्रीय महामार्गावरचा साधारण 500 मीटरचा तुकडा, जिथे मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मिळून मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तो ब्लॅक स्पॉट. एकदा तसं जाहीर झालं की मंत्रालयाच्या भाषेत दोन प्रकारचे उपाय असतात. तातडीचे म्हणजे फलक, पट्टे, कठडे, रंबल पट्ट्या, दुभाजकातली अनधिकृत तोंडं बंद करणं. दीर्घकालीन म्हणजे उड्डाणपूल, भुयारी मार्ग, वळण सरळ करणं. खासदारांच्या प्रश्नात हे दोन्ही वेगवेगळे मागा, आणि प्रत्येक जागेसाठी मंजुरीची तारीख आणि काम पूर्ण झाल्याची तारीख मागा. एकत्र विचारलंत तर 'उपाययोजना करण्यात येत आहेत' या वाक्याखाली फलक लावण्यापासून बोगद्यापर्यंत सगळं झाकलं जातं. शिरवळ ते कराड या पट्ट्यात खंडाळा, भुईंज, तळबीड अशा ठाण्यांच्या हद्दीतल्या जागा त्यांच्या किलोमीटर क्रमांकासह दिल्यात तर उत्तर चुकवता येत नाही. सातारा–कागल रुंदीकरणाच्या कामात जिथे वळणरस्ते काढले आहेत, तिथला रात्रीचा प्रकाश आणि फलक हा स्वतंत्र उपभाग ठेवा. दिवाळीत रात्री गावी जाणारा माणूस तिथेच चुकतो.

लोकसभेची नोटीस 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न साधारण 150 शब्दांपलीकडे जाऊ नये, त्यात युक्तिवाद, उपरोध, आरोप, मत यांना जागा नाही. नोटीस हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते, पण तुम्ही मराठीत नेमकं लिहिलंत तरी खासदारांचं कार्यालय पुढचं करतं.

राज्याकडे विचारायच्या रस्त्याच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. घाटातले संरक्षक कठडे आणि बहिर्गोल आरसे बांधकाम विभागाला. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं, मग रात्री रिफ्लेक्टरशिवाय उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. त्यावर किती कारवाई झाली, हे परिवहन खात्याला. हा प्रश्न सांगलीकरांनी तर विचारायलाच हवा, वाळवा-पलूस भागात नोव्हेंबरच्या रात्री रस्त्यावर दुसरं काही दिसत नाही. कासला फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटात होणाऱ्या कोंडीबद्दल गृह खात्याला. शाळांच्या सहलींचा विषय शालेय शिक्षण विभागाचा.

मुलांच्या बाबतीत एक प्रश्न कोणी विचारताना मी पाहिला नाही आणि तो विचारावा असं मला फार वाटतं. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग 40 किलोमीटरच्या आत हवा, हा केंद्राचा नियम 2023 च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. चार वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांसारखंच हेल्मेट सक्तीचं. साताऱ्यात राजवाड्यावर किंवा पोवई नाक्यावर दहा मिनिटं उभं राहून बघा, पुढे टाकीवर बसवलेली किती मुलं जातात. या नियमाखाली जिल्ह्यात किती प्रकरणं झाली, असं विचारा. आकडा शून्य किंवा त्याच्या जवळपास आला तरी तो सभागृहाच्या कागदावर येतो.

वेळेचं गणित असं: मे महिन्यातल्या तयारीबद्दल विचारायचं असेल तर प्रश्न अर्थसंकल्पी अधिवेशनात यायला हवा, आणि दिवाळीसाठी पावसाळी अधिवेशनात. प्रश्न स्वीकारण्याच्या तारखा अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जाहीर होतात आणि अधिवेशन सुरू झालं की बहुतेक दारं बंद झालेली असतात. तेव्हा पीएला अधिवेशनाच्या निदान दोन महिने आधी भेटा. सुट्टी संपल्यावर झालेल्या अपघातांबद्दल विचारायचं तर दिवाळीनंतर नागपूरचं हिवाळी अधिवेशन आणि मे नंतर पावसाळी. वेळ हुकली तर लक्षवेधी सूचना आहे, विधानसभेत नियम 105 खाली. पण तिला ताजा आणि गंभीर प्रसंग लागतो, आणि दातांसाठी तसा प्रसंग क्वचितच मिळतो.

तारांकित की अतारांकित? लोकांना तारांकित हवा असतो, कारण टीव्हीवर दिसतो. प्रश्नोत्तराच्या तासाभरात मोजकेच प्रश्न तोंडी घेतले जातात, बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर येतात. तुम्हाला आकडे हवे आहेत, म्हणून लोकसभेत अतारांकित बिनतोड. विधानसभेत मात्र तारांकितच द्यायला सांगा. नंबर लागला तर उपप्रश्न विचारता येतो, आणि उपप्रश्नाच्या भीतीने खातं उत्तर थोडं नीट लिहितं. आमदारांना उपप्रश्न आधीच लिहून द्या. उदाहरणार्थ, दातांसाठी: 'बंद असलेल्या खुर्च्या कोणत्या तारखेपर्यंत सुरू होतील?'

कारण उत्तरातल्या तारखेला वजन असतं. लोकसभेत मंत्री 'तपासून पाहू', 'विचाराधीन आहे' असं म्हणाले तर ते आश्वासन मानलं जातं, आणि 1953 पासून असलेली आश्वासन समिती ते तीन महिन्यांत पूर्ण होतं का ते बघते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. उत्तर मिळाल्यावर ते फाइलला लावून ठेवू नका. त्यात कुठली तारीख, कुठला 'लवकरच' आहे ते अधोरेखित करा आणि मुदत संपल्यावर त्याच आमदारांकडे जा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, उपयोग होतो का. सभागृहातल्या प्रश्नाने दवाखाना उभा राहात नाही. पण मी पाहिलं आहे की प्रश्न डेस्कवर पडल्यापासून उत्तर जाईपर्यंतच्या दिवसांत कितीतरी कामं आपोआप होतात. दुरुस्तीचा रखडलेला प्रस्ताव सरकतो, कंत्राटी पदाची जाहिरात निघते, कारण अधिकाऱ्याला 'कार्यवाही करण्यात आली आहे' असं लिहायचं असतं. एका तालुक्याच्या ठिकाणी खुर्चीचा कॉम्प्रेसर नेमका उत्तराच्या आदल्या आठवड्यात दुरुस्त झाला होता, आणि उत्तरात सगळ्या खुर्च्या चालू. आमदार वैतागले, प्रश्न फुकट गेला म्हणाले. मला तर तो यशस्वी वाटला.

उत्तर आल्यावर ते जिल्ह्यात वापरायचं. आरोग्याचा भाग खासदारांच्या अध्यक्षतेखालच्या दिशा समितीत न्या, राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आढावा तिथे होतो. रस्त्यांचा भाग जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीत न्या. खुर्ची, कॉम्प्रेसर, आरसे, कठडे यांसारख्या छोट्या खर्चासाठी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती. 'विधानसभेत दिलेल्या उत्तरानुसार' अशी सुरुवात असलेलं पत्र या बैठकांत बाजूला सारता येत नाही.

प्रश्नाआधी माहितीचा अधिकार वापरा, नंतर नाही. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस, आणि आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. एका ग्रामीण रुग्णालयाकडून एका वर्षाच्या दंत विभागाच्या नोंदी मागवा. त्या हातात असल्या की मंत्र्यांच्या उत्तरातला तालुक्याचा आकडा खरा की फोनवरचा, हे तुम्हाला ताडून बघता येईल.

पीएकडे जाताना दोन्ही मसुदे वेगवेगळ्या कागदांवर टाइप करून न्या, प्रत्येकी एका पानाच्या आत. दातांच्या मसुद्यासोबत आरबीएसकेच्या काही कार्डांच्या छायाप्रती जोडा, मुलांची नावं झाकून. रस्त्याच्या मसुद्यासोबत किलोमीटर क्रमांकांची यादी आणि दिवसाउजेडी काढलेले फोटो. खाली एकाच माणसाचा मोबाइल क्रमांक द्या. अख्ख्या गटाची यादी दिलीत तर सचिवालयाने खुलासा मागितल्यावर पीए नेमका कोणाला फोन करायचा यात दिवस घालवतो, आणि खुलाशाची मुदत फार थोडी असते.